मशीन रेस घेत नाही

"चालू होते झटक्यात, पण रेस घेत नाही." टू-स्ट्रोक इंजिनाची ही तक्रार आमच्या किनारपट्टीत दसरा उलटला की हमखास कानावर पडते. कुणाचा गवत कापायचा कटर असतो, कुणाचा फवारणीचा पंप, आमच्या घरी चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची साखळीची करवत. लक्षण तेच. दोरी ओढली की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात सुरू. जमिनीवर ठेवा, टुकटुक करत निवांत चालत राहील; बघणाऱ्याला वाटावं, काय गुणाची मशीन आहे! पातं लाकडाला टेकवून ट्रिगर पूर्ण दाबला की मात्र आवाज खाली बसतो, 'बॉऽऽ' करून इंजिन दबतं, साखळी लाकडातच थांबते. ट्रिगर सोडला की पुन्हा टुकटुक, काही झालंच नाही अशा थाटात.

या थाटालाच माणसं भुलतात. इंजिन तर ठणठणीत आहे, जरासं ट्युनिंग पाहिजे, असं कुणीतरी म्हणतं आणि दुसरा कुणीतरी खिशातून पेचकस काढतो. माझं या मशीनशी जे काही भांडण आणि जी काही दोस्ती झाली, ती सगळी या पेचकसाला थोपवून धरण्यातून झाली.

आमच्या दापोलीच्या बाजूला चेनसॉ आधीही होत्या, पण लाकडाच्या ठेकेदारांकडे. आमच्यासारख्या नारळी-पोफळीच्या आगरवाल्यांनी त्या घेतल्या निसर्ग वादळानंतर. 3 जून 2020 ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून इकडे मंडणगड-दापोलीपर्यंत माड आणि पोफळी आडव्या घालून गेलं. पाखाडीच्या वाटा बंद, विहिरींवर झाडं, तारांवर झाडं, कौलांवर झाडं. कुऱ्हाड-कोयत्याने ते उरकणारं नव्हतं. ज्याच्याकडे मशीन, त्याच्या दारात रांग. त्या पावसाळ्यात अनेकांनी पदरमोड करून मशिनी आणल्या, आम्हीही आणली.

माड कापणं ही त्या मशिनींची पहिली परीक्षा होती आणि ती फारच कठीण निघाली. माडाचं खोड म्हणजे आंब्या-फणसाचं लाकूड नव्हे. बाहेरचा थर कमालीचा टणक, आतला भाग मऊ आणि ओला, आणि सगळा धाग्यांचा कारभार. ते धागे साखळीबरोबर ओढले जातात आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, झाकणाआड गच्च बसतात. साखळी जड होते, इंजिन दबतं. त्यात आमचे माड समुद्राकाठचे, बुंध्याच्या सालीत वाळू. वाळूतून साखळी जरा जरी गेली तरी धार गेलीच. त्या दिवसांत "मशीन ओढत नाही" म्हणून आलेल्या निम्म्या तक्रारी इंजिनाच्या नव्हत्याच, असं आमचे मेस्त्री सांगतात. झाकण उघडून चिंध्या काढल्या, कानस फिरवली, की मशीन बरी!

हे मेस्त्री मूळचे स्कूटरवाले. लूना आणि चेतक दोन्ही 1972 सालच्या, दोन्ही टू-स्ट्रोक, आणि त्या दोघींच्या जिवावर कोकणातल्या कितीतरी गॅरेजांचे संसार चालले. नंतर टू-स्ट्रोक दुचाक्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. नव्या पोरांना फोर-स्ट्रोक कळतं, लॅपटॉप जोडून फॉल्ट बघता येतो, पण निळसर धूर सोडणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकून प्लगचा रंग सांगणारा माणूस आता साठीच्या पुढेच शोधावा लागतो. कटर आणि चेनसॉ आल्या आणि या मंडळींना पुन्हा बोलावणी सुरू झाली.

तर आमची मशीन. एक हापूसचं कलम भिरुड लागून वठलं होतं, ते पाडून जळण करायचं होतं. आगरात कामाला येणाऱ्या तात्यांनी मशीन काढली, फांद्या उडवल्या तोपर्यंत ठीक. खोडाला लावली आणि बॉऽऽ.

"वैनी, कार्बोरेटर गेला. स्क्रू फिरवून बघू?"

मी नको म्हटलं आणि मेस्त्रींना फोन लावला. ते संध्याकाळी आले, मशीनकडे न बघता आधी खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला. धार असेल तर साखळी लाकडाचे जाडसर कपचे फेकते, धार गेली की पिठासारखी पूड. कपचे होते. मग त्यांनी मोजा घालून साखळी हाताने ओढून पाहिली, सरसर फिरली. म्हणजे ब्रेक घासत नव्हता, साखळी अति ताणलेली नव्हती, पात्याच्या खाचेत काही अडकलं नव्हतं. एअर फिल्टर उघडला, तो तात्यांनी आदल्याच दिवशी धुतलेला. आता दोष इंजिनाकडे सरकला.

इथे थोडं थांबून आतली रचना सांगायला हवी, कारण ती कळली की टुकटुक ऐकून माणूस भुलत नाही. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग; त्याच्या बोगद्यात एक गोल चपटी झडप असते. आयडलला, म्हणजे ट्रिगर न दाबता मशीन नुसती टुकटुकत असताना, ती जवळजवळ बंद. झडपेच्या इंजिनाकडच्या बाजूला अगदी बारीक भोकं असतात, त्यांतून जेवढं झिरपेल तेवढ्या पेट्रोलवर इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतं. ट्रिगर दाबला की झडप उघडते, हवा धो-धो आत येते, बोगद्याच्या चिंचोळ्या भागात ओढ तयार होते आणि तिथलं मोठं तोंड पेट्रोल ओढायला लागतं. आता फेरे बारा-तेरा हजारांवर, म्हणजे सेकंदाला 200 च्या वर, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. आयडलचा रस्ता वेगळा, कामाचा रस्ता वेगळा. टाकीतला फिल्टर तीन-चतुर्थांश बुजलेला असला तरी आयडलपुरतं पेट्रोल त्यातून आरामात येतं. म्हणून मशीन आयडलला छान चालते याचा अर्थ फक्त एवढाच, की ती आयडलला छान चालते.

मेस्त्रींनी मशीन सुरू केली, रेस दिली, ती दबायला लागताच चोक अर्धा ओढला. इंजिन क्षणभर उचललं. "पेट्रोल पोचत नाही," ते म्हणाले. या चाचणीला ना हत्यार लागतं ना पैसा, आणि सगळ्यात जास्त तीच सांगते. चोक हवा अडवतो. हवा कमी झाल्यावर इंजिन सुधारलं तर आधी पेट्रोल कमी पडत होतं. चोक ओढल्यावर ते आणखी गुदमरलं, धूर सोडायला लागलं, तर पेट्रोल जास्त होतंय किंवा जळलेला वायू बाहेर पडायला वाट नाही. सगळा पुढचा शोध या दोन वाटांपैकी कुठल्या वाटेने करायचा ते इथे ठरतं. पेचकसवाला मात्र वाट ठरण्याआधीच चालायला लागलेला असतो.

पेट्रोल कमी पडतंय हे कळल्यावर टाकीपासून सुरुवात. आधी झाकण सैल करून बघितलं. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी, त्यासाठी बारीकशी वाट ठेवलेली असते, ती भुशाने बुजली की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उचललं जात नाही. अशी मशीन सुरुवातीला बरी चालते आणि मग हळूहळू मरते. झाकण फिरवलं की 'फुस्स' होतं. आमच्याकडे फुस्स झालं नाही.

मग तारेचा आकडा करून टाकीतली नळी बाहेर ओढली. नळीच्या टोकाला फिल्टरचं बोंडूक असतं, वजनदार, मशीन कशीही आडवीतिडवी धरली तरी पेट्रोल असेल तिकडे लोळणारं. ते मूळचं पांढरं असावं अशी आपली समजूत. प्रत्यक्षात काथ्याच्या रंगाचं झालं होतं. मेस्त्रींनी त्याची नळीची बाजू पुसून फुंकर मारली, गाल फुगले पण हवा जाईना. नवीन फिल्टर किरकोळ किमतीचा. तो घातला आणि मशीन लाकडाला लावली.

फरक पडला. पण निम्माच. खोडात चार बोटं जाईपर्यंत छान, मग पुन्हा आवाज खाली. माझ्या मते खरी परीक्षा या टप्प्यावर होते. अर्धी बरी झालेली मशीन पाहून हात शिवशिवतात, आता राहिलेला अर्धा भाग स्क्रूने भरून काढू असं वाटतं. आणि ते जमतंसुद्धा! पूर्ण रेसचा स्क्रू, ज्याच्याजवळ इंग्रजी एच कोरलेला असतो, थोडा बाहेरच्या बाजूला सोडला की पेट्रोल वाढतं, दबणं थांबतं. पण वाटेत अडथळा तसाच असतो आणि तो वाढत जातो. महिनाभराने पुन्हा दबते, पुन्हा स्क्रू. शेवटी कुणालाच आठवत नाही की मुळात स्क्रू कुठे होता.

मेस्त्रींनी कार्बोरेटर उतरवला. आगपेटीहून थोडा मोठा ठोकळा. लूनाच्या कार्बोरेटरला खाली वाटी असते, वाटीत तरंगणारा फ्लोट, तो वर आला की पेट्रोल बंद. चेनसॉला हे चालत नाही, कारण झाड कापताना मशीन आडवी होते, कधी उलटीही होते, आणि वाटीतलं पेट्रोल सांडतं. सुरुवातीच्या मशिनींना वाटीवालेच कार्बोरेटर होते, तेव्हा इंजिन सरळ धरून नुसतं पातं फिरवायची सोय करावी लागे. नंतर वाटी गेली आणि पडदे आले. पिस्टनखालच्या बंद पेटीत, क्रँककेसमध्ये, पिस्टनच्या वरखाली होण्याने दाब कमीजास्त होतो, त्या धडधडीवर एक पातळ पडदा फडफडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. दुसरा पडदा इंजिनाची ओढ ओळखून एक चिमुकला लिव्हर दाबतो, लिव्हर सुई उचलतो, सुईखालून पेट्रोल आत येतं. एवढ्याशा ठोकळ्यात पंपही आणि मापही.

चार स्क्रूंचं झाकण काढल्यावर तो दुसरा पडदा मेस्त्रींनी माझ्या तळहातावर ठेवला. "दाबून बघा वैनी." मधल्या धातूच्या चकतीवर बोट टेकवलं तर कट्कट् वाजला, सुक्या केळीच्या पानासारखा. नवा पडदा पाकिटातून काढून दिला, तो दाबला तर मुळीच आवाज नाही, बोटाबरोबर खाली गेला आणि वर आला. कडक झालेला पडदा आयडलची हलकी ओढ कशीबशी ओळखतो. पूर्ण रेसला सुई भरपूर उचलली जायला हवी तिथे तो वाकतच नाही. दुसऱ्या बाजूला पंपाच्या पडद्यामागे नखाएवढी जाळी असते, तिच्यावर वार्निशासारखा पिवळट चिकट थर, उडून गेलेल्या जुन्या पेट्रोलचा. जाळी क्लीनरने धुतली, पडदे-पॅकिंगचा पूर्ण किट घातला.

ही वेळ का आली, ते सांगायला मेस्त्रींना डबा उघडून वास घ्यायची गरज नव्हती. मेमध्ये भरलेलं पेट्रोल आम्ही टाकीत तसंच ठेवून मशीन पडवीत टांगली होती. 2023 पासून पंपांवर हळूहळू 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. घाटावरच्या उसाचा माल आमच्या नारळाच्या आगरात पोचला, त्याबद्दल आनंदच आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मिळोत. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय? पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्यासकट पेट्रोलपासून फुटतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथे फिल्टर लोळत असतो. जुन्या धाटणीच्या रबरालाही ते मानवत नाही. शिवाय इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऑक्सिजनच असतो, त्यामुळे स्क्रू न हलवताही इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त असंच वाटतं. बऱ्याच मशिनींच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्के छापलेली असते. पंपावर ती पुस्तिका दाखवून काही उपयोग होत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचंही तसंच. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला 20 मिली. आमच्याकडे प्रेमाने 40 ओततात, मशीनला जास्त तेल म्हणजे जास्त सुख या हिशोबाने. इंजिन त्याने लगेच बिघडत नाही, पण सायलेन्सरच्या तोंडाशी जी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते, ती काजळीने बुजते. मग जळलेला वायू बाहेर पडत नाही आणि पुन्हा तेच, आयडल छान, रेस नाही. फरक एवढाच की या वेळी चोक ओढून सुधारत नाही. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासली की काम होतं. मेस्त्रींनी आमची तीही उघडून बघितली, काळी होती पण उघडी होती.

सगळं जोडून झाल्यावर, अंधार पडताना, त्यांनी पेचकस हातात घेतला. आता. सगळ्यात शेवटी.

मशीन गरम होऊ दिली, पूर्ण रेस दिली आणि एच स्क्रू हळूहळू आत फिरवला. आवाज चढत गेला, चढत गेला, स्वच्छ, टोकदार, सनईचा वरचा षड्ज लागावा तसा लागला. तात्या खुश. "आता कशी सुटली!" मेस्त्रींनी लगेच स्क्रू बाहेर सोडला आणि तो सुंदर आवाज बिघडवून टाकला. पूर्ण रेसला मशीन आता फर्रफर्र करायला लागली, मध्येच अडखळल्यासारखी. तशीच ती त्यांनी खोडाला लावली, आणि लाकडात शिरताच अडखळणं थांबून आवाज सलग झाला. बाहेर काढली, पुन्हा फर्रफर्र. "हां, बरोबर," म्हणाले आणि पेचकस खिशात घातला.

याचं कारण मी नंतर नीट समजून घेतलं. बिनलोडाच्या पूर्ण रेसला पेट्रोल जरासं जास्त असेल तर काही स्फोट हुकतात, आणि टू-स्ट्रोक इंजिन फोर-स्ट्रोकसारखं अडखळत वाजतं. लाकडाचा भार आला की तेच जास्तीचं पेट्रोल उपयोगी पडतं. उलट बिनलोडाला आवाज एकदम निर्मळ असेल तर भाराखाली पेट्रोल कमी पडणार हे ठरलेलं. आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, कारण ते पेट्रोलातूनच येतं. तापमान वाढतं, वंगण घटतं, पिस्टन सिलिंडरला घासायला लागतो. त्या वेळी मशीन सगळ्यात जोरात आणि सगळ्यात गोड ओरडत असते. वादळानंतरच्या धावपळीत कितीतरी नव्या मशिनी अशा ओरडत ओरडत गेल्या. सायलेन्सरचे बोल्ट काढले की त्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असावी, तिच्यावर उभे ओरखडे दिसले की समजायचं.

कानावर पूर्ण विसंबू नये, हेही खरं. काही मशिनींच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्ये फेऱ्यांची मर्यादा घातलेली असते. तिथे पोचल्यावर ठिणगी तुटते आणि अगदी तसाच फर्रफर्र आवाज येतो, पेट्रोल कमी असलं तरी. तिथे फेरे मोजायचं मीटर लावावं लागतं. काही नव्या मशिनींना तर स्क्रूच नसतात, आतलं यंत्र स्वतःच माप ठरवतं. आणि पडदे-फिल्टर-जाळी सगळं करूनही रेस येत नसेल, किंवा आयडलच कधी चढतं कधी पडतं असं व्हायला लागलं, तर क्रँकच्या सीलमधून किंवा कार्बोरेटरमागच्या रबरी नळीतून हवा शिरते का ते बघायचं. ते गॅरेजचं काम, पडवीतलं नव्हे.

आता मेअखेरीला तात्या टाकी रिकामी करतात, उरलेल्या थेंबांवर मशीन बंद पडेपर्यंत चालवतात, आणि मिक्स पेट्रोल लिटरभराहून जास्त कधी बनवत नाहीत. हे सगळं ते करतात, पण मनापासून नव्हे. त्यांच्या मते मेस्त्रींनी मशीनचा आवाज घालवला. खोड पूर्वीपेक्षा लवकर कापलं जातं हे मान्य, पण आवाज गेला तो गेला. शेजारच्या आगरातली मशीन अजून कशी खणखणीत ओरडते, हे ते मला कुंपणापाशी उभं करून ऐकवतात. मी मेस्त्रींना सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला त्या मशीनचा सायलेन्सर उघडून पिस्टन बघा. शेजारी तयार झाले तर.